अठरा कुलपं

"साहेब, हे कुलूप बघा की," कोळेकर म्हणाले. "गंज धरलाय. हे काय सकाळी लावून गेलेलं कुलूप न्हवं."

मी कुलपाकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. साडेबारा होत आले होते आणि मला दोनच्या एसटीनं ऑफिसात परतायचं होतं.

"प्रतिसाद नाही, असं लिहा," मी म्हणालो.

"बंद लिहूया. शेड बंद हाय, ल्हान पोर बी सांगंल."

"लिहा की. मग तीन वेगवेगळ्या दिवशी तीन खेपा घाला, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या, पंचनामा करा आणि तो पंधरा तारखेच्या आत माझ्या टेबलावर आणून द्या. जमेल?"

कोळेकरांनी मुकाट्यानं यादीवर सातचा आकडा घातला. सात म्हणजे प्रतिसाद नाही. बंद कारखान्याला चार नंबर होता, पण त्या चारच्या मागं एवढं लचांड होतं की आमच्या ऑफिसात चार नंबर कुणी लिहीतच नसे. कुलूप दिसलं की सात. तेवीस वर्षं सायकलवरून सर्वे करत फिरलेल्या कोळेकरांनाही ते ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांना काय झालं होतं कोण जाणे, सात लिहूनही ते तिथंच उभे राहिले.

समोरच्या शेडात माग खडाखडा चालू होते. तिथून मालक बाहेर आला, भूपाल चौगुले. अंगभर कापसाची पिंजण, तोंडात पान.

"गौराक्कांकडं आलाय व्हय?" तो म्हणाला. "त्या माझ्याकडंच हायत की. आत रोजानं सुताच्या कांड्या भरायल्यात. हाक मारू?"

तीस पावलं असतील. तीसही नसतील.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्यांच्याकडे पुन्हा येऊ. आधी तुमचा फॉर्म भरून घेतो."

कोळेकरांनी एक कोरा फॉर्म गौराक्कांच्या दाराखालून आत सरकवला. मी भूपालच्या ओट्यावर बसून त्याचे माग, मजूर, पाळ्या लिहून घेतल्या. बारा माग, बाराही चालू. पुन्हा काही मी त्या गल्लीत गेलो नाही, म्हणजे त्या कामासाठी तरी नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. गाव यंत्रमागांचं होतं, नाव घेत नाही. सुताचा भाव चढला होता, कापड उठत नव्हतं आणि लहान शेडवाल्यांनी एकामागोमाग एक माग थांबवले होते. तेवढ्यात सरकारनं एक योजना काढली: ज्या गावात बारापर्यंत माग असलेल्या कारखान्यांपैकी चौथा हिस्सा बंद निघेल, त्या गावाला दोन वर्षं अर्ध्या दरानं वीज आणि डेपोतून स्वस्त सूत. किती बंद आहेत ते ठरवायचं काम आमच्या ऑफिसाचं, आणि ऑफिसात ते माझं. मी एकतीस वर्षांचा होतो, दिल्लीला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करून आलो होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो.

शितावरून भाताची परीक्षा करायची हा आमचा धंदा. गावात तसे बाराशे कारखाने होते. त्यातले साठ आम्ही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. म्हणजे प्रत्येक शीत वीस शितांच्या वतीनं बोलणार. पण साठांपैकी बेचाळीसच बोलले, अठरा ठिकाणी कुलूप. आधीच्या वर्षी असं झालं तेव्हा मुंबईहून अख्खा सर्वे परत आला होता. यंदा माझ्याकडे दिल्लीची विद्या होती. जे बोलले नाहीत त्यांचा भार बोललेल्यांवर वाटून द्यायचा. विसाच्या जागी प्रत्येकाचं वजन अठ्ठावीस पॉइंट सत्तावन्न केलं की झालं, बाराशेचे बाराशे भरतात आणि तक्त्यात कुठं भोक दिसत नाही.

या विद्येत काही खोट नाही, हे आजही सांगतो. फक्त तिला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. जे बोलले नाहीत ते बोललेल्यांसारखेच आहेत, ही ती गोष्ट. ट्रेनिंगमध्ये आमच्या सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, दोन रेघांसकट.

बोललेल्या बेचाळिसांत बंद निघाले फक्त चार. टक्केवारी साडेनऊ. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता मी मुंबईला ट्रंक कॉल लावून आकडा सांगितला आणि तक्ते टपालात टाकले.

"फडतरे," आमचे रेगे साहेब म्हणाले, "एक दिवस आधी! दिल्लीचं ट्रेनिंग पावलं म्हणायचं. या वजनाच्या पद्धतीवर एक टिपण करून द्या. बाकीच्या जिल्ह्यांना पाठवू, तुमच्या नावानं."

"दुरुस्ती काही निघाली तर, साहेब?"

"आठ दिवस आहेत. कारण लिहून पाठवायचं. पण निघणार कशाला?"

त्याच दिवशी दुपारी तीन वाजता गौराक्का मगदूम आल्या.

मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. पन्नाशीच्या, काटक, करडं लुगडं, केसांत कापूस अडकलेला. नवरा वारल्यावर आठ माग त्यांनी एकटीनं अकरा वर्षं चालवले होते, हे मला कोळेकरांकडून कळलं होतं. काखेतलं फडकं सोडून त्यांनी माझ्यापुढं फॉर्मांची चवड ठेवली.

"मोजून घ्या, सायेब. चौदा हायत. माझा धरून."

"हे काय?"

"तुमची मानसं दाराखालनं टाकून गेली हुती न्हवं, ते. शेडला कुलूप म्हटल्यावर त्यो कागद कोन बगनार? आत उंदरं खाईत बसली असती. मी एकेकाला गाठून भरून घेतलो. सुकुमार आता वीटभट्टीचा टेंपो चालिवतो, त्याला नाक्यावर धरला. आदगोंडा शाळंत वॉचमन हाय. रत्नाबाई म्हायेराला जाऊन बसलीया, तिकडं येस्टीनं जाऊन आलो. चौघं काय घावली न्हाईत. ती पुन्याला गेल्यात पोट भराया."

मी वरचा फॉर्म उचलला. अक्षर शाळकरी पोरीचं होतं, त्यांच्या मुलीचं असावं. खाली अंगठा, अंगठ्याशेजारी नाव. माग आठ. चालू शून्य. मजूर शून्य. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. चालू शून्य, चालू शून्य.

मनात गणित आपोआप झालं, ते काही थांबवता येत नाही. चार आणि चौदा अठरा. छप्पन्नांत अठरा. बत्तीस टक्के. चौथ्या हिश्श्याच्या कितीतरी वर.

"तुम्हाला ही नावं कुणी दिली?" मी विचारलं.

"कोळेकरांनी. का ओ? चुकलं काय?"

"यादी गुप्त असते, आक्का. आणि फॉर्म आमच्या माणसानंच भरून घ्यायचा असतो."

"मग तुमचा मानूस आला न्हाई म्हणून तर मी हिंडलो," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, समजावून सांगावं तसं. "सायेब, बेळगावचा भंगारवाला दर बेस्तरवारी गल्लीत येतोय. शेडम्होरं हुबा ऱ्हातो आनि इचारतो, कवा देताय? माग एकदा भंगारात गेला की परत कोन देनार आमास्नी? माजी पोरगी म्हनती, पेपरात आलंय, सरकार लाईट देनाराय अर्ध्या दरात. म्हनून मी समद्यास्नी थांबा म्हटलंय. थांबायचं न्हवं? तुमी सांगा. तुमी सांगाल तसं करू."

हे मी किती वेळा आठवलंय. एवढंच म्हणायचं होतं की, आक्का, सकाळी आकडा गेला, पण आठ दिवस आहेत, मी दुरुस्ती पाठवतो. पाच मिनिटांचं पत्र. कारणाच्या रकान्यात लिहायचं, क्षेत्रकामात कुलूपबंद कारखान्यांची चौकशी झाली नव्हती. म्हणजे माझीच चूक, माझ्याच अक्षरात. आणि ज्या टिपणावर माझं नाव झळकणार होतं, त्या टिपणाचा पहिल्याच दिवशी फज्जा.

"तुमचं धरलंय, आक्का," मी म्हणालो.

"व्हय?"

"हो. उत्तर आलं नाही तरी आम्ही सगळ्यांना धरतो. एकही कारखाना सुटत नाही. बाराशेचे बाराशे धरलेत."

अक्षरशः खरं होतं हो! शपथेवर सांगता आलं असतं. गौराक्कांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी फडकं झटकून घडी केली.

"मग झालं. ह्ये फॉर्म बी ठेवा, असूद्यात जवळ," त्या म्हणाल्या. "सगळ्यास्नी सांगतो, सायबांनी धरलंय म्हणून. भंगारवाल्याला आता आत घेत न्हाई."

मी ते चौदा फॉर्म कपाटाच्या खालच्या खणात ठेवले. फाडले नाहीत, फेकले नाहीत. फाडायला निदान थोडं धैर्य लागतं.

दुसऱ्या दिवशी कोळेकर माझ्या टेबलापाशी घुटमळले.

"आक्का येऊन गेल्या म्हणं. मग आकडा बदलला असंल?"

"कोळेकर, यादी बाहेर गेली म्हणून मी तुमच्यावर मेमो काढू शकतो. ठाऊक आहे?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. दोन वर्षं राहिली होती त्यांची रिटायर व्हायला. "ठाऊक हाय, साहेब," एवढंच म्हणून ते सायकल काढून गेले. त्या आठ दिवसांत रोज सकाळी मी कपाट उघडत होतो आणि रोज वरच्या खणातलं काहीतरी काढून पुन्हा लावत होतो. नवव्या दिवशी मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता काही करताच येणार नव्हतं.

टिपण सगळ्या जिल्ह्यांना गेलं. रेगे साहेबांनी पेढे मागवले.

योजनेच्या गावांची यादी यायला दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत एक अख्खा पावसाळा गेला आणि मागांवर गंज चढला. अडल्याला जो भाव मिळतो तोही भंगारवाल्यानं उतरवला. गल्लीतल्या कुणी विकायचं म्हटलं तर गौराक्का म्हणत, दम काढा, सायबांनी धरलंय. हे सगळं मला कोळेकर सांगत. मुद्दाम सांगत नसत, पण वळून वळून सांगत. यादी आली, त्यात आमच्या विभागातली तीन गावं होती. हे गाव नव्हतं.

मी पंधरा दिवस तसेच काढले. मग एका सकाळी एसटीत बसलो आणि गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. गौराक्कांना खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

गल्लीत ट्रक उभा होता. गौराक्कांच्या शेडचं दार सताड उघडं. चार हमाल दोरखंड लावून एक माग ओढत बाहेर आणत होते. सहा आधीच ट्रकात आडवे घातलेले. भंगारवाला लाकडी फळीवर बसून चहा पीत होता. गौराक्का ओट्यावर उभ्या होत्या आणि हमालांना सांगत होत्या, "सावकाश, बाबांनो. त्याचा डावा पाय पयल्यापासनं कच्चा हाय."

मला बघून त्या खाली उतरल्या.

"या सायेब. बसायला काय न्हाई बगा आता."

"आक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याबरोबर शेडात आल्या. जिथं माग होते तिथं जमिनीवर तेलाचे सात काळे चौकोन राहिले होते. एक माग अजून उभा होता. तिथं उभं राहून मी सांगितलं. शीत, भात, वीस, अठ्ठावीस पॉइंट सत्तावन्न, सगळं. मागावरचा तुटका धागा शोधावा तशा त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हंजे मी बोललो न्हाई म्हनून माझ्या वतीनं दुसरं कोनतरी बोललं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोन?"

"ज्यांनी उत्तर दिलं ते सगळे, थोडे थोडे. तुमच्या गल्लीतला म्हणाल तर... भूपाल."

त्यांनी दारातून समोर बघितलं. भूपालच्या शेडात बारा माग चालू होते. बोलणं ऐकू यायला जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"त्याचे तर चालू हायत की ओ," त्या म्हणाल्या. आणि मग, "मी त्याच्याच शेडात हुतो. तुमी आला त्या दिशी. भूपाल मला मागनं बोलला, साहेब आलते म्हनून. एक हाक मारायची हुती, सायेब."

त्यांनी समोरची नजर माझ्याकडे वळवली.

"आनि मी ते चौदा आनून दिले, ते?"

"कपाटात आहेत. होते. मी आणलेत." ते मी का आणले होते, तेही मला माहीत नाही. पिशवीतून काढून मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी चवड तळहातावर तोलल्यासारखी धरली. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडायला हवं होतं. भंगारवाल्यासमोर, भूपालसमोर, अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी माझी अब्रू काढायला हवी होती, मी त्याच तयारीनं आलो होतो.

"ज्याचं त्याला परत द्याया पायजे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलंय समद्यास्नी, धरलंय म्हनून. माझ्या सबुदावर थांबली ती. चला."

"मी पण?"

"तुमी नको? मग कोन?"

पहिलं घर सुकुमारचं होतं, दोन शेडं टाकून. टेंपो दारात उभा होता, तो आत जेवायला बसला होता. हात तसाच खरकटा घेऊन बाहेर आला. गौराक्कांनी त्याच्या नावाचा फॉर्म काढून त्याच्या बायकोच्या हातात दिला.

"यादीत आपलं गाव न्हाई, सुकुमार. तुला कळलंच असंल. चूक माझी झाली बाबा. फॉर्म मी उशिरा न्हेऊन दिलो. तारीख गेली हुती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"उशिरा?" सुकुमार म्हणाला. "आक्का, तू तर म्हणलीस धरलंय म्हणून! मी तवाच देणार हुतो माग. तवा भाव हुता. तुझ्यामुळं थांबलो मी."

"व्हय. माझंच चुकलं."

त्याची बायको फॉर्मकडे बघत राहिली. मी गौराक्कांना जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणालो, "आक्का, हे काय करताय? खरं सांगा ना. माझं नाव सांगा."

"सांगून?" त्याही हळूच म्हणाल्या. "उद्या तुमचा कोळेकर सायकल घिऊन यील फॉर्म भराया. कोन दार उघडंल त्याला? आदीच कुलपं काय कमी हायत? माझं काय, माझ्यावर चार दिस रागावतील. आनि तुमास्नी सांगायचं असंल तर तुमाला तोंड हाय की, सायेब. मी धरून ठेवलंय व्हय?"

एवढं बोलून त्या वळल्या. सुकुमार पुढं आला होता. त्यानं मला नीट न्याहाळलं. माझी पिशवी, माझं घड्याळ.

"तुमीच न्हवं ते सायेब?" त्यानं विचारलं. "खरं काय हाय? आक्का म्हंती तसंच झालं काय? उशीर झाला?"

भूपालच्या मागांचा आवाज येत होता. ट्रकपाशी शेवटचा माग वर चढवताना हमालांनी आरोळी दिली. सुकुमारचा खरकटा हात तसाच वाळत होता आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

"हो," मी म्हणालो. "थोडा उशीर झाला."

गौराक्कांनी पुढचा फॉर्म वर काढला. अजून बारा घरं राहिली होती. त्या पुढं झाल्या आणि मी त्यांच्या मागोमाग निघालो.